न भरलेल्या बाटलीचे पैसे

एप्रिल सरत आला की इंग्लंडमधल्या वाइनविक्रेत्यांच्या ईमेल सुरू होतात. सकाळी एक, दुपारी तीन, जून संपेपर्यंत रतीबच. प्रत्येकात फ्रान्समधल्या बोर्दोच्या एखाद्या शातोचं, म्हणजे वाइन करणाऱ्या बागेचं, नाव, पेटीचा भाव, कुणा समीक्षकाने शंभरपैकी दिलेले गुण आणि शेवटी तंबी: कोटा मोजका आहे, आजच कळवा. ज्या वाइनसाठी ही एवढी घाई, ती अजून बाटलीत गेलेलीच नसते. मागच्या पानगळीत तोडलेल्या द्राक्षांची ती वाइन तिकडे ओकच्या पिंपात पडून असते आणि आणखी वर्षभर तरी तिथून हलणार नसते. पैसे मात्र आत्ता मोजायचे. फ्रेंचमध्ये या खरेदीला ‘आँ प्रिमर’ म्हणतात. धंद्यातली माणसं नुसतं ‘प्रिमर’ म्हणून मोकळी होतात.

२०१७ च्या मे महिन्यात मी अशी एक पेटी घेतली. शातो लेओव्हिल बार्टन, साल २०१६, बाटल्या बारा. त्याच आठवड्यात मामांचा फोन आला. मामा निफाड तालुक्यात द्राक्षं करतात. गळ्यात माळ आहे, त्यामुळे वाइनशी त्यांचा संबंध नाही. पण सौदा म्हटला की त्यांचे कान टवकारतात.

“माल कधी मिळणार?”

“दोन-अडीच वर्षांनी, मामा.”

“आणि पैसे?”

“दिले.”

“सगळे?”

“सगळे.”

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, “शेतकऱ्याला?”

“दुकानदाराला. पण पुढे शेतकऱ्यापर्यंत पोचतात.”

“गाव कुठलं म्हणालास हे?”

मामांना हसू आलं होतं, पण त्या हसण्याला धार होती. त्यांच्याकडे व्यापारी बागेत येतो, मणी दाबून बघतो, गोडी मोजतो, किलोचा भाव ठरवतो, क्रेट भरून गाडी रवाना करतो आणि पैसे ‘आठ-पंधरा दिवसांत’ देतो म्हणतो. बहुतेक वेळा देतोही. पण निफाड, दिंडोरी, तासगाव पट्ट्यात असा हंगाम जात नाही की एखादा व्यापारी लाखोंचा माल उचलून परागंदा झाला नाही. मग पोलीस ठाणं, वटलेच नाहीत असे चेक, वर्तमानपत्रात चार ओळी. औषधं, खतं, मजुरी सगळं आधीच खर्ची पडलेलं. म्हणजे आमच्याकडे उधारी शेतकऱ्याने द्यायची आणि रात्री जागायचंही त्यानेच. बोर्दोत शेतकरी माल तयार व्हायच्या आधी पैसे मोजून घेतो आणि जागरण गिऱ्हाइकाकडे जातं. हे चाक उलटं कसं फिरलं, हा मामांनी न विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यात राहिला.

सुरुवातीला तिथेही चित्र फार वेगळं नव्हतं. बोर्दो शहरात गारोन नदीच्या काठी शार्त्रों नावाचा भाग आहे. दोन-अडीचशे वर्षं वाइनचा खरा कारभार तिथल्या घाऊक व्यापाऱ्यांच्या, नेगोसियांच्या, तळघरांतून चाले. शातोवाले वाइन करून पिंपातच विकायचे. ती वाढवायची, मुरवायची, बाटलीत भरायची आणि लंडन-अ‍ॅमस्टरडॅमला धाडायची ही सगळी कामं व्यापाऱ्याची. शातोवाल्याचा हात कायम तंगीत असे. कधी कधी तर द्राक्षं वेलीवर असतानाच पीक विकलं जाई. त्याला ‘स्युर सूश’ म्हणत, म्हणजे वेलीवरचाच सौदा. व्यापारी उचल देई आणि उचल देणारा भाव पाडून मागे, हे काही नाशिक-सांगलीकरांना समजावून सांगायला नको.

१९२४ साली बारों फिलिप द रोथशील्ड या तरुणाने शातो मूताँची सगळी वाइन आपल्याच आवारात बाटलीबंद करायची असं ठरवलं. व्यापाऱ्याच्या तळघरात आपल्या वाइनमध्ये काय मिसळलं जातं यावर त्यामुळे अंकुश आला; पण वाइन मुरेपर्यंतचा खर्च आणि जागा आता शातोच्या गळ्यात पडली. हळूहळू इतर नामवंत शातोंनी तीच वाट धरली आणि १९७२ च्या सुमारास वर्गीकृत, म्हणजे १८५५ च्या प्रतवारीच्या यादीतल्या, शातोंना ते बंधनकारकच झालं. मग मधल्या दीड-दोन वर्षांचा खर्च भागवायचा कशाने? तर वसंतात वाइन विकून टाकायची, पैसे घ्यायचे आणि माल सवकाशीने द्यायचा. पहिली काही वर्षं हा व्यवहार शातो आणि व्यापारी यांच्यातच राहिला. माझ्यासारख्या घरगुती गिऱ्हाइकाला त्यात जागा नव्हती आणि हौसही नव्हती.

ती लावली १९८२ च्या सालाने. त्या वर्षीची द्राक्षं भरघोस आणि भरपूर पिकलेली होती. जुन्या समीक्षकांपैकी काहींना वाइन फार मऊ, फार लवकर गोडव्यात येणारी वाटली. मेरिलँडमधला रॉबर्ट पार्कर नावाचा वकील मात्र आपल्या वार्तापत्रातून ठणकावून सांगत होता की हे साल असामान्य आहे, घ्या. डॉलर तेव्हा तगडा होता. अमेरिकन गिऱ्हाइकांनी पिंपातली वाइन घेतली, पुढे तिचे भाव कितीतरी पट झाले आणि ‘प्रिमरमध्ये घेतलं की स्वस्त पडतं’ हा समज पक्का झाला. पुढली तीस वर्षं पार्करचे गुण जाहीर झाल्याशिवाय कित्येक शातो भावच काढत नसत.

पण गुण द्यायचे कशाला? हे मी एकदा जवळून बघितलं आहे. वाइनच्या धंद्यातल्या एका मैत्रिणीच्या ओळखीने २०१७ च्या एप्रिलच्या सुरुवातीला तिकडच्या एका चाखणीत शिरकाव झाला. लांबच लांब टेबलं, त्यावर नमुन्याच्या बाटल्या, पांढऱ्या साध्या चिठ्ठीवर शातोचं नाव आणि नमुना कधी काढला ती तारीख. हा नमुना म्हणजे अंतिम वाइन नव्हे. कुठल्या टाकीतलं किती काबर्ने सोव्हिन्यों, किती मेर्लो (या द्राक्षांच्या जाती), हे जुळवून ‘अशी होईल बहुधा’ असं केलेलं मिश्रण. नमुना एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून रोज नवा आणतात. रंग जांभळ्याच्याही पुढचा, जवळजवळ काळा. ग्लास तिरका केला की काचेवर गुलाबी-जांभळी कड उरते. नाकाला आधी नव्या, रंधा मारलेल्या लाकडाचा वास, फळ मागून येतं. तोंडात घेतलं की पहिला क्षण बरा आणि मग जो तुरटपणा चढतो तो विचारू नका. चार-पाच नमुन्यांत जिभेला मिठी बसते. गालाची आतली बाजू सालपट निघाल्यासारखी होते. शेजारी ठेवलेल्या पिकदाणीत सगळे अत्यंत सभ्यपणे थुंकत असतात आणि दात सगळ्यांचेच जांभळे. त्या अवस्थेत एक गृहस्थ वहीत ‘९४ ते ९६’ असं काहीतरी टिपत होते.

मला त्यातलं कळत होतं ते इतकंच की काही नमुने नुसते तुरट होते आणि काहींमध्ये तुरटपणाच्या पोटात काहीतरी ताजं, थंड, रसरशीत होतं. बाजारात तुरी म्हणतात तो हाच प्रकार. ज्याची जीभ तीस-चाळीस वर्षं हेच करत आली आहे त्याला त्या कच्चेपणातून पुढलं दिसत असेलही. पण गिऱ्हाईक ती चव घेत नाही. ते दुसऱ्याच्या जिभेचा आकडा विकत घेतं. आणि नमुना निवडतो कोण? विकणाराच.

२०१६ चं साल चांगलं निघालं यात वाद नाही. वर्षाचा पहिला अर्धा भाग पावसाने झोडपला, मग जूनअखेरपासून आभाळ कोरडं ठाक. सप्टेंबरच्या मध्याला नेमका हवा तेवढा पाऊस आला आणि बोर्दोच्या मेदोक भागातली काढणी ऑक्टोबरात निवांत चालली. गारव्याच्या रात्रींनी आम्लता टिकली. मात्र आम्ही चाखून परतलो आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, २७-२८ तारखेला, बोर्दोवर कडाक्याचं दहिवर पडलं. नव्या फुटी एका रात्रीत करपल्या. २०१७ चं उत्पादन सुमारे चाळीस टक्क्यांनी घटलं. जिरोंदच्या खाडीलगतच्या नामांकित बागा बऱ्याच अंशी बचावल्या, झळ बसली ती आतल्या, साध्या बागांना. पण ‘पुढल्या वर्षी माल कमी’ ही कुजबुज भाव वर ठेवायला पुरेशी होती. त्यात ब्रेक्झिटच्या कौलानंतर पौंड घसरलेला. आम्हा इंग्लंडातल्या गिऱ्हाइकांना तेच साल दुहेरी महाग पडलं.

भाव आणि प्रत यांचं बोर्दोत जे नातं आहे ते मामांना मी सांगितलं तेव्हा त्यांना ते सगळ्यात जास्त पटलं. १८५५ साली पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं. तिसऱ्या नेपोलियनला तिथे बोर्दोच्या वाइन मांडायच्या होत्या. बोर्दोच्या व्यापारी मंडळाने दलालांच्या संघाला यादी मागितली आणि दलालांनी दोन आठवड्यांत, १८ एप्रिलला, ती हातावर ठेवली. एवढ्या कमी वेळात कुणी नव्याने चाखत बसलं नाही. वर्षानुवर्षं कुठल्या शातोला काय भाव मिळत आला हे त्यांच्या वह्यांत होतंच. भावाप्रमाणे पाच पायऱ्या लावल्या, झालं. लाल वाइनमध्ये सगळ्यात वर चौघे: लाफित, मार्गो, ओ-ब्रियाँ आणि लातूर. (उच्चार खरंच आपल्या मराठवाड्यातल्या लातूरसारखा आहे, मामांना हे सांगितल्यावर त्यांनी लगेच तूरडाळीचा भाव विचारला.) पुढे बाग विकली गेली, वाढली, मालक बदलला, तरी पायरी तीच. १९७३ मध्ये मूताँ दुसरीतून पहिलीत गेलं आणि त्या आदेशावर सही केली तेव्हाच्या कृषिमंत्र्याने, जाक शिराक यांनी. त्याखेरीज मोठा बदल नाही.

“म्हणजे एकदा भाव मिळाला म्हणून प्रत, आणि प्रत आहे म्हणून भाव,” मामा म्हणाले. “आमची पण कुणीतरी यादी करून ठेवायला पाहिजे होती.”

आता ते पैसे कुठून कुठे जातात ते बघू. शातो शक्यतो थेट विकत नाही. मधे कुर्तिए, म्हणजे दलाल, दोन टक्क्यांवर. मग नेगोसियां, त्याचा नफा. मग त्या त्या देशातला आयातदार किंवा विक्रेता, त्याचा नफा. मग मी. एका पिंपात २२५ लिटर वाइन, म्हणजे तीनशे बाटल्या. शातो सकाळी भाव जाहीर करतं आणि दुपारपर्यंत तो भाव लंडन, हाँगकाँग, न्यूयॉर्कच्या ईमेलमध्ये उतरलेला असतो. व्यापाऱ्याला नको असलं तरी वाईट सालाचा कोटा उचलावा लागतो, कारण या वर्षी नाकारलं तर पुढल्या चांगल्या वर्षी नाव कापलं जाण्याची भीती. कुठल्याही शातोच्या करारात हे लिहिलेलं नसतं आणि सगळ्यांना माहीत असतं.

या साखळीत प्रत्येकजण आपली जोखीम पुढच्याकडे ढकलतो आणि शेवटच्या माणसापुढे कुणीच नसतं. तिथे मी उभा असतो. बदल्यात मला काय मिळायचं? पूर्वी स्वस्ताई मिळायची. आज प्रिमरच्या भावाने घेतलेल्या बऱ्याच वाइन बाटलीत आल्यावर तेवढ्याच किमतीला, कधी त्याहून कमी किमतीला, सहज मिळतात. २००८ च्या लाफितवर चिन्यांना शुभ वाटणारा चिनी आठाचा आकडा कोरला आणि भाव आभाळाला भिडले, त्यावर पैसे केलेल्यांच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. २०१० चं साल त्या धुंदीत विक्रमी भावाने विकलं गेलं आणि २०११ च्या मध्यानंतर फुगा बसला, त्यात अडकलेल्यांच्या गोष्टी कोण सांगणार? २०१७ मध्ये इंग्लंडात मूळ व्याजदर पाव टक्का होता, तेव्हा दोन वर्षं पैसे अडकले तर फारसं बिघडत नव्हतं. २०२३ मध्ये तोच सव्वापाच टक्क्यांवर गेला. गिऱ्हाइकांनी हात आखडला, आणि २०२३ चं साल विकताना लाफितसकट बड्या शातोंना पाव ते एक तृतीयांश भाव उतरवावे लागले. तरी उठाव बेताचाच.

मुख्य म्हणजे उचल आज लागते कुणाला? शातो लातूरचे मालक फ्रान्स्वा पिनो हे फ्रान्समधल्या सर्वात श्रीमंतांपैकी. त्यांनी २०१२ मध्ये जाहीर केलं की यापुढे आम्ही प्रिमरमध्ये विकणार नाही, वाइन पिण्याजोगी झाली की बाहेर काढू. त्यांना ते परवडतं. पण मग पिशों बारों हे शातो आक्सा या विमा कंपनीचं आहे आणि रोझां-सेग्ला शनेलचं. विमा कंपनीला आणि अत्तरवाल्यांना माझ्या पैशांची दोन वर्षं आधी गरज पडावी हे मला काही केल्या पचत नाही. उचल गरजवंताने घ्यायची असते. इथे प्रथा गरजेतून जन्मली, गरज संपली आणि प्रथा नवाबासारखी बसून राहिली.

गरजवंत बोर्दोत आहेत, नाहीत असं नाही. यादीतली शातो म्हणजे सगळ्या बोर्दोचा चिमूटभर भाग. बाकीचे हजारो बागायतदार साधी लाल वाइन करतात आणि घाऊक विकतात. तिथे माप ‘तोनो’चं, नऊशे लिटरचं, आणि अलीकडे त्या नऊशे लिटरला हजार युरोही मिळेनात. लिटरला एक युरो अकरा सेंटच्या आत. २०२३ मध्ये सरकारने हेक्टरी सहा हजार युरो देऊ करून वेली उपटायची योजना काढली. ट्रॅक्टरला साखळी बांधून म्हातारी खोडं ओढून काढतात आणि बांधावर ढीग लावतात. त्यांना कुणी ईमेल पाठवून आगाऊ पैसे देत नाही. मामांना त्याचे फोटो पाठवले होते. त्यांच्या शिवारातही अवकाळीने आणि भावाने मार खाल्लेल्या बागांवर कुऱ्हाडी चालल्या होत्याच. त्यांनी फोटोवर काही लिहिलं नाही, फक्त विचारलं की तिकडे वेलीचं खोड इतकं जाड किती वर्षांत होतं.

आगाऊ पैसे दिले की दुसराही धोका असतो. माल जन्माला आलेला नसताना पावती हातात असते आणि मधला माणूस बुडाला तर गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या एका दुकानाने कित्येक वर्षं अशाच न आलेल्या पेट्या विकल्या, नव्या गिऱ्हाइकाच्या पैशांतून जुन्याची तोंडं बंद केली आणि २०१६ मध्ये दिवाळं काढलं. मालक तुरुंगात गेला, गिऱ्हाइकांचे कोट्यवधी डॉलर गेले ते गेलेच. म्हणून घेताना मी एकच गोष्ट पाहिली: वाइन इंग्लंडात उतरल्यावर ती विक्रेत्याच्या साठ्यात न राहता माझ्या नावावर, स्वतंत्र खातं काढून, बाँडेड गोदामात जाते का. बाँडेड म्हणजे अबकारी आणि वीस टक्के व्हॅट भरायचा बाकी. बाहेर काढाल तेव्हा भरा. अबकारी आता मद्यार्काच्या प्रमाणावर लागते, त्यामुळे तापत चाललेल्या उन्हाळ्यांतली जोरकस वाइन त्यातही महाग. विल्टशरमधल्या कॉर्शमजवळ असं एक गोदाम जुन्या दगडखाणीत, जमिनीखाली आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे दारूगोळा ठेवत. म्हणजे दारू तेव्हाही होतीच, गोळा तेवढा गेला.

इतकं सगळं माहीत असून लेओव्हिल बार्टन का घेतली, असं कुणीही विचारेल. एक कारण कुटुंबाचं, म्हणजे त्यांच्या. टॉमस बार्टन नावाचा आयरिश माणूस १७२०च्या दशकात बोर्दोला व्यापारासाठी आला. त्याचा नातू ह्यू याने १८२१ मध्ये लांगोआ ही बाग आणि १८२६ मध्ये लेओव्हिलच्या मोठ्या बागेचा एक तुकडा घेतला. तेव्हापासून दोन्ही त्याच घरात. लेओव्हिल बार्टनला स्वतःचा वाडा नाही. वाइन लांगोआच्या आवारात होते आणि लेबलवर चित्रही लांगोआच्याच वाड्याचं. विम्याची कंपनी नाही, फॅशन नाही. अँथनी बार्टन यांनी १९८३ मध्ये काकांकडून कारभार घेतला आणि शेजारचे भाव उड्या मारत असतानाही आपले आवाक्यात ठेवले, यासाठी धंद्यात त्यांचं नाव होतं. २०२२ च्या जानेवारीत ते गेले. आता मुलगी आणि तिची मुलं बघतात. अशा घराला दोन वर्षं आधी पैसे दिले तर मला उचल दिल्यासारखं वाटतं, खंडणी दिल्यासारखं नाही. हे भावनिक आहे, हिशोबात बसत नाही. हिशोबाने बघितलं तर त्या पेटीचा भाव वाढलाय तो भाडं आणि महागाई त्यात जिरून जाईल इतकाच.

दुसरं कारण असं की अर्ध्या बाटल्या आणि दीड लिटरच्या मॅग्नम हव्या असतील तर वाइन भरायच्या आधीच सांगावं लागतं. नंतर बाजारात त्या सहज सापडत नाहीत. यापुढे घेतलंच तर मी फक्त तेवढ्यासाठी घेईन. बाकीच्यांनी पाच वर्षं थांबावं, बाटलीतली वाइन चाखलेल्यांचं ऐकावं आणि मग दुकानातून उचलावी. भाव सोयीचा असतो आणि झोप आपली असते.

पेटीतली एक बाटली गेल्या हिवाळ्यात काढली. दोन तास उघडी ठेवली. २०१७ मधला तो नमुना आणि हे द्रव्य एकाच पिंपाचे असतील यावर विश्वास बसणं कठीण. लाकूड आत मुरलंय, काळं फळ पुढे आलंय, शिसपेन्सिलीच्या टोकासारखा एक कोरडा वास आहे. तुरटपणा मात्र अजून राखण करतोय. जेवणात मटण होतं म्हणून निभावलं. आणखी सहा-सात वर्षं तरी हिला हात लावू नये असं माझं मत झालं. बायकोचं मत, आत्ताच ठीक आहे, उगीच गोदामाचं भाडं कशाला भरायचं. या वर्षाचं बिल परवाच आलं आहे.